शिलोहाचा बुरूज आणि आपली शोकगीते

२३ मार्च २०२५ हा प्रायश्चित्तकाळाचा तिसरा रविवार होता. त्या दिवशीच्या मिस्सेसाठी लूकच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायाचा आरंभ नेमलेला होता. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, त्या दुर्घटनेचा उल्लेख प्रभू येशूने त्यात केला आहे. हे वाचन ऐकताना विदर्भातील अनेक श्रद्धावंतांना दुसरे एक छत आठवले असेल. २४ जानेवारीला, म्हणजे त्या रविवारच्या जेमतेम दोन महिने आधी, भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. इमारतीचे छत खाली आले आणि त्याखाली कामगार गाडले गेले. आठ जण मृत्युमुखी पडले, पाच जखमी झाले.

तो शुक्रवार होता आणि सकाळचे साडेदहा वाजून गेले होते. स्फोटाचा आवाज काही किलोमीटरवर ऐकू गेला. दोनच दिवसांनी प्रजासत्ताक दिन होता. आणखी एक योगायोग आपल्या वाचकांनी ध्यानी घ्यावा असा आहे. २४ जानेवारी हा संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण. नागपूरचे कॅथेड्रल याच संताच्या नावाने उभे आहे, आणि पोप अकरावे पायस यांनी १९२३ साली त्यांना लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते ठरविले. लेखणी धरणाऱ्यांच्या संताच्या दिवशी ही आपत्ती कोसळली. तेव्हा तिचे स्मरण आपण कोणत्या शब्दांत करतो, हा प्रश्न आपल्या साहित्याला टाळता येणार नाही.

अशा प्रसंगी आपल्या नियतकालिकांतून, धर्मग्रामांच्या पत्रिकांतून आणि स्मरणसभांतून जे लेखन पुढे येते, त्याचा एक ठरीव साचा झाला आहे. पहिल्या कडव्यात दिवा विझतो, दुसऱ्यात आसवे ओघळतात आणि तिसऱ्यात देवाने आपल्या बागेसाठी फुले खुडलेली असतात. लिहिणाऱ्याच्या भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. उणेपण आहे ते घाईचे. मृताचे नाव, त्याचे वय, त्याची पाळी, त्याच्या हाताखालचे काम, यांपैकी काही सांगण्याच्या आतच कवी सांत्वनाला पोहोचतो. मग ते गीत जवाहरनगरचे राहत नाही. नावगाव बदलून ते कोणत्याही अपघाताला लावता येते. जो कामगार सकाळी कामावर गेला आणि घरी परतला नाही, त्याच्याविषयी ‘तो देवाघरी गेला’ असे म्हणण्यापूर्वी त्याच्या घराच्या दाराशी क्षणभर थांबायला हवे, ते आपण थांबत नाही.

याच साच्यातला दुसरा शब्द ‘हुतात्मा’. राष्ट्राच्या संरक्षणासाठी चालणाऱ्या कारखान्यात माणसे गेली, म्हणून हा शब्द ओठांवर सहज येतो. त्यात कृतज्ञता आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि या शब्दाचा अर्थ आपल्या मंडळीने फार काटेकोरपणे जपलेला आहे. ज्याने जाणूनबुजून आपला प्राण आहुती म्हणून दिला, तो हुतात्मा. जवाहरनगरच्या त्या आठ जणांनी प्राण अर्पण केले नव्हते. त्यांनी श्रम अर्पण केले होते आणि संध्याकाळी घरी परतण्याचा त्यांचा हक्क होता. मृत्यूला बलिदान म्हटले की तो अटळ, किंबहुना इष्टही वाटू लागतो आणि छत का कोसळले हा प्रश्न विचारणारा कृतघ्न ठरतो. गौरवाचा शब्द असा नकळत मौनाचा शब्द होऊन बसतो.

आता शुभवर्तमानाकडे वळू. लोक येशूकडे बातमी घेऊन येतात ती पिलाताने मारलेल्या गालीलकरांची. शिलोहाचा बुरूज येशू स्वतःहून काढतो. मेलेले लोक इतरांहून अधिक पापी होते काय, असे विचारून तो स्वतःच नाही म्हणतो. आपत्तीत सापडलेल्याच्या पदरी दोष बांधण्याची माणसाची जुनी खोड तो एका शब्दात मोडून काढतो. त्यानंतर तो पश्चात्तापाची हाक देतो आणि ती जिवंत राहिलेल्यांना देतो. लगेच अंजिराच्या झाडाचा दाखला येतो. माळी आणखी एक वर्षाची मुदत मागतो, पण झाडाभोवती खणण्याचे आणि खत घालण्याचे कामही अंगावर घेतो. आपली शोकगीते या उताऱ्यातील सहानुभूती तेवढी उचलतात आणि कुदळ तिथेच ठेवून येतात. बुरूज पडल्यानंतर उरलेल्यांनी बदलायचे असते, हा या उताऱ्याचा गाभा त्यांच्यात उतरत नाही.

पवित्र शास्त्रातील शोकरचनेचा कस पाहायचा तर विलापगीताचे पुस्तक उघडावे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले, त्या राष्ट्रीय आपत्तीवरची ही पाच गीते आहेत. हिब्रू वर्णमालेत बावीस अक्षरे आहेत. पहिली चार गीते त्या अक्षरांच्या क्रमाने रचलेली आहेत. तिसऱ्यात तर प्रत्येक अक्षराला तीन-तीन चरण मिळून सहासष्ट होतात. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत दुःखाची एकही बाजू सुटू नये, अशी ही शिस्त आहे. पाचव्या गीतात चरण बावीसच राहतात, पण अक्षरांचा क्रम मोडतो. जणू शोक करणाऱ्याचे बळच सरले आहे. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आशेचे शब्द तिसऱ्या गीतात, पुस्तकाच्या मध्यावर येतात. शेवटी आहे ती विनवणी आणि अनुत्तरित शंका. संपूर्ण पुस्तकात देव आपल्या मुखाने उत्तर देत नाही. तरीही मंडळीने हे पुस्तक वगळले नाही, उलट पवित्र सप्ताहातील प्रार्थनेत त्याला स्थान दिले. आपले कवी आशा नेहमी शेवटी ठेवतात, दार लावून घ्यावे तशी. विलापगीताचा कवी ती मध्यावर ठेवतो आणि दार उघडे सोडतो.

भंडारा जिल्ह्याला याचा आणखी एक अनुभव आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागली आणि दहा बालके दगावली. हेरोदाने मारविलेल्या बालकांची कथा सांगताना मत्तय यिर्मयाच्या ग्रंथातून राहेलचा आक्रोश आणतो. ती माता सांत्वन घेण्यास तयार नाही. यिर्मयाच्या मूळ अध्यायात त्यानंतर आशेचे वचन येते, मत्तय मात्र ते घेत नाही. तो राहेलला रडू देतो. शुभवर्तमान लिहिणाऱ्याने जिथे सांत्वन आवरते घेतले, तिथे आपण ते उतावीळपणे का ओतावे?

मराठीला हे संयमाचे शिक्षण नवे नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता कितीतरी पिढ्यांनी शाळेत अभ्यासली. जखमी पक्षीण पिलांच्या ओढीने घरट्याकडे येते आणि प्राण सोडते, एवढाच तिचा विषय. पण कवीची करुणा त्या पक्षिणीपाशी थांबते, तिची तडफड पाहते आणि शीर्षकातच ज्याला क्रौर्य म्हणायचे त्याला क्रौर्य म्हणते. करुणा आणि सत्यकथन यांत तिथे फारकत नाही. आपल्या शोकगीतांनी हा वारसा पुढे न्यायला हवा होता.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, ख्रिस्ती लेखकाने आशा सांगायची नाही तर कोणी सांगायची? आक्षेप रास्त आहे. परंतु पुनरुत्थित प्रभू थोमाला दर्शन देतो तेव्हा त्याच्या हातांवरचे वण तसेच असतात. पुनरुत्थानाने जखमा पुसल्या नाहीत. ज्या आशेला वण दाखवायची लाज वाटते, ती ख्रिस्ती आशा नव्हे. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी आपण क्रुसाची वाट चालतो, तेव्हा चौदाही स्थळांवर थांबतो आणि परंपरेप्रमाणे कबरेपाशी विसावतो. ईस्टर ठाऊक असूनही आपण एकही स्थळ गाळत नाही. हीच रीत लेखनात का नसावी?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. तो कारखाना दारूगोळ्याचा होता. शस्त्रास्त्रांच्या स्पर्धेने गरिबांची असह्य हानी होते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्टपणे बजावले आहे. मग प्रार्थना कशी करावी? माझे उत्तर असे की, शस्त्रांविषयीचा आपला विवेक जागाच राहू द्यावा, पण त्याचा हिशेब मजुराच्या शवपेटीवर मांडू नये. तो पोटासाठी कामाला गेला होता. शिलोहाच्या बुरुजाखाली सापडलेल्या कोणाचाही व्यवसाय येशूने विचारला नाही.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोट झाले. शेकडो माणसे गेली. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे अनेक जवानही त्यांत होते. त्या दिवसापासून दरवर्षी देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो आणि आगीपासून बचावाचे धडे दिले जातात. ते स्मरण ऐहिक खरे, पण त्यात अंजिराच्या झाडाभोवती खणणाऱ्या माळ्याची वृत्ती आहे.

मिस्सा हेही स्मरणच आहे. प्रभूने आपल्या स्मरणार्थ करा म्हणून सांगितले ती एक कृती होती. २४ जानेवारीला, आणि २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनीही, श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत जवाहरनगरच्या आठ कामगारांची नावे एकेक करून उच्चारली जावीत. पाच जखमींसाठी आणि घरी राहिलेल्यांसाठी मागणे व्हावे. धोक्याच्या ठिकाणी राबणाऱ्या प्रत्येकाच्या माथ्यावरचे छत भक्कम राहावे, म्हणून प्रार्थनेबरोबर प्रश्नही विचारला जावा. आपल्या कवींनी फुले आणि दिवे काही काळ बाजूला ठेवून कारखान्याचा भोंगा, शुक्रवारची ती सकाळ आणि घरी वाट पाहणारे ताट यांकडे पाहावे. सांत्वन त्यांच्या लेखनात येईलच. ते फक्त शोकाला ढकलून पुढे येऊ नये.