नाव बरोबर, गाव चुकलं

ग्रेचेन लॅम्बर्ट यांच्या २००९च्या शोधनिबंधाचं शीर्षक 'अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ अ सी स्क्वर्ट स्लूथ' असं सुरू होतं. स्लूथ म्हणजे गुप्तहेर. यातला आरोपी आहे डिडेम्नम वेक्सिलम, खडकांवर, जेटींवर, बोटींच्या तळाला पसरणारा पिवळट थर. दिसायला एकच गिळगिळीत पापुद्रा, पण एका आवरणात मिलिमीटरभराचे हजारो जीव राहतात.

पॅट्रिशिया कॉट यांनी २००२मध्ये न्यूझीलंडच्या फांगामाता बंदरातल्या नमुन्यांवरून ही प्रजाती नोंदवली आणि तिथलीच मानली. २००४मध्ये अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या नमुन्यांना त्यांनीच डिडेम्नम वेस्टम असं वेगळं नाव दिलं. लॅम्बर्ट संग्रहालयातल्या बरण्या उघडत जातात, जपानच्या मुत्सू उपसागरातल्या १९२६च्या नमुन्यापर्यंत पोचतात आणि म्हणतात, हा जीव एकच आहे आणि मूळचा बहुधा जपानचा.

हा नुसता लेबलांचा वाद नाही. स्थानिक म्हटलं की जीव आपोआप निर्दोष ठरतो. बाहेरचा म्हटलं की शिंपल्यांची शेती वाचवायला पैसे आणि माणसं लागतात. वेल्सच्या हॉलीहेड बंदरात तो २००८मध्ये सापडला, तेव्हा पाँटून प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्याला मारावं लागलं.

कोडिंग करणाऱ्या मला हे डुप्लिकेट रेकॉर्ड मर्ज करण्यासारखं वाटतं आणि त्या कामात लॅम्बर्ट उत्तम आहेत. दावा मोठा असला तरी त्या नमुना दाखवल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

खटकतं ते शीर्षक. गुप्तहेराच्या गोष्टीत आधीचे सगळे फसलेले असतात आणि एकालाच सत्य दिसतं. इथे गोंधळाचं मूळ प्राण्यातच आहे. एकेका जिवात ओळखीच्या खुणा मोजक्याच. आवरणातले चुन्याचे तारे एकाच वसाहतीतही बदलतात. अळ्या ओळखीला मदत करतात, पण त्या फक्त प्रजननाच्या हंगामात मिळतात. शिवाय त्याच वर्षी आलेल्या जनुकीय अभ्यासानंही जगभरचे नमुने एकाच प्रजातीचे ठरवले. म्हणजे ही केस एकट्या गुप्तहेरानं सोडवलेली नाही.

गंमत म्हणजे एवढं होऊनही कॉट यांनी दिलेलं नाव टिकलं. प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमांत आधीच्या वैध नावाचा मान पहिला. नाव देणाऱ्यानं गाव चुकीचं सांगितलं म्हणून नाव रद्द होत नाही. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. नाव म्हणजे निकाल नव्हे, ती फक्त शोधायची जागा. निकाल बदलला तरी आपण सगळे त्याच जागी परत येऊ शकतो.