विमानकथेतील दोषशोध

कांदिवलीतील आपल्या इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. या घटनेवरील आपले चरित्रपर लेखन वाचताना एक उणीव जाणवते. त्यात जिद्द आहे, कुटुंबाचा त्याग आहे, परवानगीची प्रतीक्षा आहे; उपकरणे मात्र बहुधा नाहीत.

घरी बांधलेल्या विमानातील दिशादर्शक यंत्रणेची तारजोडणी बांधणाऱ्यालाच निस्तरावी लागते. होकायंत्राजवळून विद्युत्प्रवाहाची तार गेली, तर तिच्या चुंबकीय क्षेत्राने सुई ढळते. दोष शोधण्याची रीत अशी : विमान एका दिशेस स्थिर ठेवावे, एकेक उपकरण चालू करावे व सुई कशाने हलते ते टिपावे. मग जाणारी व परतणारी तार एकमेकींभोवती पिळावी. दोहोंची क्षेत्रे परस्परांस निष्प्रभ करतात. ही बाब क्षुल्लक नव्हे. धुळ्याहून जालना सरळ रेषेत सुमारे १६५ किलोमीटर. केवळ होकायंत्राच्या भरवशावर निघालेल्या विमानाच्या दिशेत १० अंशांची चूक राहिली, तर ते जालन्यापासून सुमारे २९ किलोमीटर दूर जाईल.

शिवकर बापूजी तळपदे यांच्या १८९५ मधील कथित उड्डाणाच्या कथेत उड्डाण आहे. पडताळता येईल अशी चाचणीची नोंद नाही. म्हणूनच ती श्रद्धेचा विषय राहिली. यादवांचे विमान तपासता येते. त्याच्या चरित्रकाराने या तपासणीलाच कथानकात स्थान द्यावे. अन्यथा खऱ्या विमानाचीही आपण दंतकथा करून टाकू.