शून्य उजव्या टोकाला

पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या दर्शनी पट्टीवर मजकूर तो केवढा! गोल बटणाभोवती पाच-सहा आकडे. डाव्या टोकाला वजा अनंत, मग वजा 20, वजा 10, वजा 6, वजा 3 असे करत उजव्या टोकाला शून्य. घरच्या रेडिओवर हात बसलेला माणूस इथे अडखळतो. रेडिओत शून्य म्हणजे मौन. इथे शून्य म्हणजे बटण पूर्ण उघडे. बाकी सगळे आकडे ऋण आणि सर्वांत मोठा शून्य. छापखान्याची चूक वाटावी असा हा पाठ, पण मला तो फार विचाराने लिहिलेला वाटतो.

कारण हे बटण मुळी काही वाढवतच नाही. आतला गुणाकार आधीच ठरलेला असतो. समजा 32 डेसिबल, म्हणजे आलेल्या व्होल्टेजच्या सुमारे चाळीस पट. त्या गुणाकाराआधी आलेल्यातून थोडे काढून घेणे, एवढेच बटणाचे काम. शून्य म्हणजे काहीही काढले नाही. वजा 6 म्हणजे व्होल्टेज निम्मे, शक्ती पाव. हा झाला वाच्यार्थ. ध्वन्यार्थ (या विषयात हा शब्द वापरताना हसू येते, पण इलाज नाही) असा की 400 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर बटण मागे घेतल्याने लहान होत नाही. मिक्सरने 6 डेसिबल जास्त ढकलले की वजा 6 वर उभा असलेला तोच अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा पुरे 400 वॅट देतो. "निम्म्यावर ठेवलंय, स्पीकर उडायचा नाही," असे मांडवात कुणी म्हणाले, तर त्याने ओळीचा अन्वयच चुकवला.

पाठीमागची ओळ अधिक अवघड आणि अधिक सुंदर. क्राऊनच्या काही अ‍ॅम्प्लिफायरवर एक छोटा स्विच असतो: 0.775 व्होल्ट, 1.4 व्होल्ट, आणि काही मॉडेलांवर तिसरी जागा 26 डेसिबलची. दोन पदे व्होल्टमध्ये, तिसरे डेसिबलमध्ये. वाचताना यतिभंग जाणवतो, पण सारी गंमत त्या मोडलेल्या लयीतच आहे. पहिली दोन पदे म्हणतात, आत इतके व्होल्ट आले की मी पूर्ण ताकदीला पोहोचेन. तिसरे म्हणते, मी वीस पट करीन. ताकद कुठे संपते ते तुमचे तुम्ही बघा.

फरक कागदावरचा वाटतो, तो रॅकमध्ये दिसतो. 8 ओहमच्या स्पीकरला 400 वॅट द्यायचे तर सुमारे 56.6 व्होल्ट लागतात, 1600 वॅटला 113. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर 1.4 वर ठेवले, तर पहिला चाळीस पट वाढवतो, दुसरा ऐंशी पट. लहानावर हॉर्न आणि मोठ्यावर बेस जोडला असेल, तर क्रॉसओव्हरला कुणी हात न लावता बेस 6 डेसिबलने वर चढून बसतो. लाल दिवे मात्र एकदम लागतात, तेवढी सोय. 26 डेसिबलवर दोघेही वीस पटच करतात; क्रॉसओव्हरने ठरवलेला तोल जसाच्या तसा राहतो, पण लहान भाऊ 2.8 व्होल्टला दमतो आणि मोठा 5.6 ला. माझे मत विचाराल तर 26.

आणि हा 0.775 आला कुठून? टेलिफोनच्या तारेतून. 600 ओहमच्या भारात 1 मिलिवॅट खर्च व्हायला इतके व्होल्ट लागतात. आजच्या मिक्सर-अ‍ॅम्प्लिफायरच्या जोडणीत तो 600 ओहमचा भार बहुधा नसतोच. आणे गेले तरी आणेवारी लोकांच्या तोंडी राहिली, तसा हा आकडा.

उरला लाल दिवा, क्लिपचा. त्यावर लिहिण्यासारखे थोडेच आहे: लहरीचे माथे कापले जाऊ लागले, एवढेच तो सांगतो. माथे पार सपाट झाले तर त्याच उंचीची लहर दुप्पट शक्ती वाहते, आणि ट्वीटर बिचारा जळतो.

हा सगळा मजकूर मी पहिल्यांदा नीट वाचला तो एका तालुक्याच्या गावी, गाण्याच्या बैठकीआधी. तानपुरे जुळत होते आणि त्यांच्याखाली एकसारखी सळसळ, पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तशी. मिक्सरवर तळाचे दोनच हिरवे दिवे लुकलुकत होते. अ‍ॅम्प्लिफायरची सगळी बटणे शून्यावर. मिक्सर 7.75 व्होल्ट देऊ शकणारा, अ‍ॅम्प्लिफायर 1.4 वरच भरून वाहणारा. मधले 15 डेसिबल वाया, आणि मिक्सरच्या शेवटच्या टप्प्याचा न् लांब केबलचा कचरा मात्र चाळीस पट होऊन कानावर. खरी रीत अशी की आधी स्पीकर काढून ठेवायचे, मिक्सरमधून एक सूर सोडायचा आणि दोन्हीकडचे लाल दिवे एकाच वेळी लागतील असे बटण मागे आणायचे. तेवढा वेळ कुणाकडे होता!

ध्वनिव्यवस्थेचे काका विडा तोंडात धरून उठले. "वरचा उपाशी, खालचा अधाशी," एवढेच म्हणाले. बटणे वजा 12 वर आणली आणि मिक्सरचा मास्टर तेवढाच वर नेला. तानपुरा होता तेवढाच मोठा राहिला, पाऊस थांबला. तेव्हा कुठे ऐकू आले की तिसऱ्या रांगेवरचा पंखा कुरकुरतो आहे. तो बंद करायला कुणीतरी उठले.