‘२०२४ ला पदक’ : एका उद्दिष्टाची चिकित्सा

सिनॉप्सिसमध्ये ‘संशोधनाची उद्दिष्टे’ लिहिताना आपला सगळ्यांचाच हात जरा सैल सुटतो. मग गाईड विचारतात, “हे मोजणार कसं?” आज हाच प्रश्न आपल्या भागातल्या एका सरकारी उद्दिष्टाला विचारून बघू. पेटची किंवा मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना धोरणाचं समीक्षण कसं करतात याचा थोडा अंदाज येईल.

ऑगस्ट २०१८ मध्ये बल्लारपूरला आमिर खानच्या उपस्थितीत ‘मिशन शक्ती’ सुरू झालं. पुढाकार तेव्हाचे अर्थ व वनमंत्री आणि चंद्रपूरचे पालकमंत्री सुधीर मुनगंटीवार यांचा. चंद्रपूर-गडचिरोली भागातली, विशेषतः आदिवासी मुलंमुली तयार करायची आणि २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये पदक आणायचं. हातात वर्षं सहा. पॅरिसमध्ये भारताला एकूण सहा पदकं मिळाली. महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक पदक एकच, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं. आपल्या दोन जिल्ह्यांच्या नावावर काही नाही.

“म्हणजे योजना फसली” असं लिहून मोकळं होता येईल. पण ते समीक्षण नाही, तो नुसता निकाल झाला. माझा आक्षेप वेगळा आहे. हे उद्दिष्टच असं बांधलं होतं की योजना नीट चालली की नाही, हे त्यावरून कधी कळलंच नसतं.

सहा वर्षांत पदक, हा आत्मविश्वास आला कुठून? त्याच वर्षी मे महिन्यात ‘मिशन शौर्य’मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे दहा विद्यार्थी एव्हरेस्ट मोहिमेवर गेले आणि पाच जण माथ्यावर पोहोचले. फार मोठी गोष्ट. जिवतीकडच्या पोरांनी ते करून दाखवलं, याचं मोल कमी करायचं नाही. पण संशोधक म्हणून इथं थांबून बघा. एव्हरेस्टची उंची ठरलेली आहे. तुम्ही तयारी वाढवली म्हणून शिखर वर सरकत नाही, आणि दहाच्या दहा पोहोचले असते तरी जागा कमी पडली नसती. ऑलिम्पिक पदक तसं नाही. तिथं तुमच्यासोबत सगळं जग तयारी करतं आणि पदकं तीनच. पहिलं निरपेक्ष उद्दिष्ट, दुसरं सापेक्ष. पहिल्यातल्या यशावरून दुसऱ्याची मुदत ठरवणं ही पद्धतीची चूक आहे. हीच चूक आपल्या प्रबंधांतही सापडते: एका शाळेतला निष्कर्ष उचलायचा आणि जिल्ह्याला लावायचा.

आता मुदतीचं बघू. कुसाळे २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत आला. २०१५ मध्ये रेल्वेत नोकरी लागली. टोकियोचं तिकीट मिळालं नाही. पदक आलं १ ऑगस्ट २०२४ ला. म्हणजे पंधरा वर्षं, तीही प्रबोधिनी, नोकरी, रेंज असं सगळं पाठीशी असताना. त्याआधी महाराष्ट्राचं वैयक्तिक पदक खाशाबा जाधवांचं, १९५२ चं. ७२ वर्षांत दोन! आधाररेषा, म्हणजे बेसलाइन, ही अशी असताना ‘सहा वर्षांत’ हा आकडा कुठल्या हिशेबातून आला? ऑलिम्पिकच्या कॅलेंडरमधून आला, दुसरं काय. हा रोग आपल्याच भागाचा नाही. २०१६ मध्ये नीती आयोगाने २०२४ साठी देशाला पन्नास पदकांचं लक्ष्य दिलं होतं. मिळाली ती किती, वर सांगितलंच.

सूचकाचीही गंमत बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची आदिती स्वामी तिरंदाजीत जगज्जेते झाले. पण त्यांचा प्रकार कंपाऊंड, आणि तो पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नव्हताच. ‘ऑलिम्पिक पदक’ हीच मोजपट्टी धरली तर विदर्भातला जगज्जेता शून्य भरतो.

संघटनशास्त्रात यावर चांगलं लेखन आहे. लॉक आणि लॅथम यांचा सिद्धांत सांगतो की स्पष्ट आणि अवघड उद्दिष्टाने कामगिरी सुधारते. मुलाखतीत हे सगळे सांगतात; पुढच्या अटी (क्षमता, बांधिलकी, वेळोवेळी मिळणारा प्रतिसाद) बहुतेक विसरतात. सिटकिन आणि सहकाऱ्यांचा २०११ चा लेख त्याही पुढे जातो. अशक्यप्राय उद्दिष्टाचा फायदा व्हायला अलीकडचं यश आणि शिल्लक साधनं हवीत. पण अशी उद्दिष्टं घेण्याकडे कल असतो तो हे दोन्ही नसलेल्यांचा. नव्याने उभं राहणारा जिल्हा असो नाहीतर संघ, मोह तोच.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला रिचमंड क्लब याचं बोलकं उदाहरण. २०१० मध्ये, तळाशी असताना, त्यांनी २०१४ अखेरची योजना जाहीर केली: तीनदा अंतिम फेऱ्यांत प्रवेश, कर्ज शून्य, सभासद ७५ हजार. लोक हसले. मुदतीत प्रवेश दोनदाच झाला, सभासद ६६ हजारांवर थांबले. पण तिन्ही आकडे दरवर्षी तपासता येत होते, आणि योजना मांडणारा मुख्याधिकारी उत्तर द्यायला मुदतीनंतरही खुर्चीवर होता. विजेतेपद आलं २०१७ मध्ये, ३७ वर्षांनी. मिशन शक्तीचं? नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यात सरकारच बदललं. राजकारणात हे होणारच, म्हणून तर दर वर्षाचा टप्पा लिहून ठेवायचा.

यात पणाला लागते ती २०१८ मध्ये चौदा वर्षांची असलेली मुलगी. एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातली समजा. ती २०२४ ला वीस वर्षांची होते. मधे दहावी, मग बारावी. आश्रमशाळा सुटली की मैदान, जेवण आणि सर तिन्ही सुटतात. तिने विभागापर्यंत मजल मारली असेल, पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत तिला त्याचा उपयोगही झाला असेल. ‘पदक’ या रकान्यात यातलं काहीच बसत नाही. उलट ‘तुमच्याकडून झालं नाही’ हा शिक्का तिच्या भागावर बसतो, आणि मुदत ठरवणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

आणि ‘आदिवासी म्हणजे धनुष्यबाण, म्हणजे पदक’ हे समीकरण तर सोडूनच द्या. राजस्थानच्या लिंबा रामला १९८७ मध्ये अशाच शोधमोहिमेतून निवडलं गेलं. तो तीन ऑलिम्पिक खेळला. पदक नाही. तरी भारतीय तिरंदाजीच्या इतिहासात त्याचं नाव घ्यावंच लागतं.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. बल्लारपूरजवळ विसापूरचं क्रीडा संकुल उभं आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथं राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाली. दहा वर्षांपूर्वी कोणी हे सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. योजनेचं बोट दाखवता येईल असं फलित हेच, पण पदकाच्या घोषणेखाली ते झाकलं गेलं. अर्थात अहेरीच्या पोरीला ते गाठायचं तर आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी करत एसटीत अर्धा दिवस जातो.

हा विषय घ्यायचाच असेल, तर प्रश्न लहान करा. प्रकल्पस्तरावर जिंकलेल्यांपैकी पुढच्या वर्षी किती जण पुन्हा उतरले? दहावीनंतर दोन वर्षांनी किती मुली खेळात टिकल्या? एका शाळेला वर्षाकाठी प्रशिक्षकाचे प्रत्यक्ष किती दिवस मिळाले? अहेरी, भामरागड आणि गडचिरोली अशी तीन प्रकल्प कार्यालयं आहेत, म्हणजे तुलनाही आयती मिळते. सुरुवात आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धांच्या निकालपत्रकांपासून करा. लेखी अर्ज आणि विभागप्रमुखांचं पत्र सोबत न्या. एवढ्यात एम.ए.चा लघुप्रबंध नक्की होतो. पीएचडीसाठी घ्यायचं असेल तर शाळा सोडून गेलेल्या मुलींच्या मुलाखती जोडाव्या लागतील, आणि त्यासाठी माडिया येणारी सोबतीण हवी.