विज्ञान शिळे झाल्यावर : ‘समुद्र सैतान’चा आजचा आस्वाद

विज्ञानकथेतील विज्ञान जुने झाले की तिचे वाङ्मयीन मूल्यही ओसरते, असे एक गृहीतक आपल्याकडे रूढ आहे. ज्यूल व्हर्नची १८६९-७० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेली सागरसफरीची कादंबरी भा. रा. भागवतांच्या ‘समुद्र सैतान’मुळे मराठी वाचकाच्या परिचयाची झाली आणि आपण तिला बालवाङ्मयाच्या कप्प्यात ठेवून मोकळे झालो. पाणबुडीचे नवल आज उरलेले नाही. तरीही वेळापूरसारख्या, समुद्रापासून दूरच्या गावी मूळ कथा पुन्हा वाचताना ती मनाची पकड घेते. हे कशामुळे घडते, हा खरा प्रश्न आहे.

या आस्वादाचे केंद्र यंत्रात नसून निवेदकाच्या द्विधेत आहे. प्रा. आरोनाक्स ‘नॉटिलस’वर कैदी आहे, पण तेथे बारा हजार ग्रंथ आहेत आणि काचेपलीकडे कोणी न पाहिलेले जलचरविश्व आहे. नेड लँडला सुटका हवी आहे, आरोनाक्सला ज्ञान. माशांच्या लांबलचक याद्या अनेकांना कंटाळवाण्या वाटतात आणि संक्षिप्त रूपांतरांत त्यांना सहसा कात्री लागते. वस्तुतः त्या याद्या म्हणजे आरोनाक्सच्या मोहाचा पुरावाच होय. त्या गाळल्या की साहस उरते, पेच नाहीसा होतो.

भारतीय वाचकासाठी आणखी एक गुंता आहे. सिलोनजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब हिंदी पाणबुड्याला नेमो वाचवतो आणि पीडितांच्या देशाशी आपले नाते सांगतो. पुढे १८७४-७५ च्या ‘रहस्यमय बेटा’च्या कथेत हा नेमो म्हणजे १८५७ च्या उठावात लढलेला बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार असल्याचे उघड होते. त्याला ‘आपला’ क्रांतिवीर ठरवण्याचा मोह येथे होतो. परंतु व्हर्नच्या मूळ योजनेत नेमो रशियाने उद्ध्वस्त केलेला पोलिश उमराव होता. प्रकाशक हेत्झेलच्या विरोधामुळे ती ओळख पुसली गेली. दोन्ही कादंबऱ्यांतील कालगणनाही परस्परांशी जुळत नाही. शिवाय मरणासन्न डक्कारला सायरस स्मिथ जो निवाडा ऐकवतो, त्यात प्रगतीविरुद्ध लढणे ही त्याची चूक ठरते. पीडिताबद्दल सहानुभूती आणि साम्राज्याच्या ‘प्रगती’वर विश्वास, असे दोन्ही या संहितांत एकत्र नांदतात. हा अंतर्विरोध झाकून केलेले वाचन अभिमान देईल, आकलन देणार नाही.

या दृष्टीने मराठी शीर्षकातील ‘सैतान’ हा शब्द विचारात घ्यावा लागतो. तो पाठलाग करणाऱ्यांच्या नजरेतून आलेला आहे. कथेच्या अखेरीस नेमो एक युद्धनौका माणसांसह बुडवतो आणि नंतर एका स्त्रीच्या व दोन मुलांच्या चित्रापुढे गुडघे टेकून हुंदके देतो. सूड घेणारा हा माणूस सैतान की बळी, याचा निर्णय आरोनाक्स करू शकत नाही. आपल्यालाही करता येत नाही. विज्ञान शिळे झाले, हा प्रश्न मात्र शिळा झालेला नाही. म्हणूनच ही कादंबरी प्रौढ वाचकाने, आणि पदव्युत्तर वर्गानेही, पुन्हा हाती घ्यावी अशी आहे.