नामदेवांचा पतंग आणि पौलाची शर्यत

उत्तरायणाचा सण सुरत शहरात ज्या उत्साहाने साजरा होतो, तो उत्साह मराठी मुलुखातील संक्रांतीत क्वचितच आढळतो. १४ जानेवारीस, आणि दुसऱ्या दिवशी 'वासी उत्तरायणा'सही, सारे शहर गच्च्यांवर असते. काचेची पूड व रंग चढविलेला सुरती मांजा गुजरातभर नावाजलेला आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून पोटासाठी आलेली जी मराठी कुटुंबे राहतात, त्यांच्या मुलांनीही हा खेळ आपलासा केला आहे. अशा ठिकाणी जानेवारीतील उपदेशात पतंगाचा दृष्टान्त यावा हे स्वाभाविकच होय. प्रश्न एवढाच, की त्या दृष्टान्तातून काय शिकवावे.

असे उपदेश बहुधा दोन प्रकारचे असतात. पहिल्यात पतंगांची काटाकाटी हीच जीवनाची झुंज ठरते आणि तिला १ करिंथ ९:२४-२७ या वचनांचा आधार दिला जातो. दुसऱ्यात आपण पतंग आणि दोरी देवाच्या हाती, असे सांगितले जाते. आम्हांस येथे तिसऱ्याच एका दृष्टान्ताकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. तो संत नामदेवांचा आहे.

इ. स. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतील रामकली रागातील एका पदात कागद आणून पतंग करणारा मुलगा येतो. पतंग आकाशात फिरत आहे, मुलगा सोबत्यांशी गप्पा मारीत आहे. परंतु त्याचे चित्त दोरीवर आहे. पुढे पाण्याच्या घागरी घेऊन हसतखेळत येणाऱ्या मुली, पाच कोसांवर चरणारी पण वासराकडे चित्त असलेली गाय, आणि शेवटी पाळण्यात मूल निजवून घरात व घराबाहेर कामांत गुंतलेली आई, अशी चित्रे क्रमाने येतात.

हा क्रम सहज म्हणून आलेला नाही. पतंग आणि घागर यांच्या बाबतीत लक्ष ढळले तर वस्तू हातची जाते. तेथील अवधान कौशल्याचे आहे. गाय आणि आई यांचे अवधान मायेचे आहे. ते राखावे लागत नाही, ते असतेच. खेळापासून आरंभ करून कवी आपणांस प्रीतीपर्यंत नेतो. पदाचे ध्रुपद नामाने वेधलेल्या मनाविषयी आहे आणि कीर्तनात गायक प्रत्येक चित्रानंतर त्याच ध्रुपदाकडे परततो. मन बाहेर जाते व पुन्हा मूळ ठिकाणी येते, हा पदाचा आशय गाण्याच्या रीतीतूनच श्रोत्याच्या अनुभवास येतो. म्हणून हे पद केवळ वाचून दाखविण्याचे नव्हे.

येथे दोरी मुलाच्या हाती आहे, देवाच्या नव्हे, हे ध्यानात ठेविले पाहिजे. 'आपण पतंग, देव खेळाडू' हा अर्थ नामदेवांवर लादणे चुकीचे ठरेल. पद त्रिलोचनास उद्देशून आहे. त्याच ग्रंथातील कबीरांच्या श्लोकांत, कापड छापण्यात काय गुंतलास, असे त्रिलोचन नामदेवांस विचारतो; हातपायांनी काम करावे व चित्त निरंजनाकडे ठेवावे, असे उत्तर त्यास मिळते. कापडाच्या धंद्यावर जगणाऱ्या सुरतेत या संवादाचे मोल वेगळे सांगावयास नको. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून परतणाऱ्या बंधूस आपण प्रार्थनेचा तास पाळावयास सांगतो, आणि तो तास त्याच्यापाशी नसतो. आपण देवापासून दूर पडलो, असे तो मुकाट्याने मानून घेतो.

आता पौलाकडे पाहू. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. त्यांत विजेत्यास पाल्याचा मुकुट मिळे. तो मुकुट कोमेजणारा, हे पौल मुद्दाम सांगतो. मुष्टियुद्धाचा दाखला देताना तो प्रतिस्पर्ध्यास नव्हे, स्वतःच्याच शरीरास कह्यात आणतो. तेव्हा दुसऱ्याची दोरी कापण्याचे समर्थन या वचनांतून निघत नाही. मांज्याने पक्ष्यांचे पंख व वाटसरूंचे गळे कापले जातात. म्हणूनच २०१७ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली. अशा काटाकाटीस व्यासपीठावरून गौरव देणे आम्हांस शोभत नाही.

पौल स्वतः तंबू करणारा कारागीर होता (प्रे. कृ. १८:३). थेस्सलनीकरांस निरंतर प्रार्थनेची आज्ञा करणाऱ्या पत्रातच आपण रात्रंदिवस श्रम केल्याचे तो लिहितो (१ थेस्स. ५:१७, २:९). शर्यतीच्या दाखल्यावरून ही आज्ञा समजत नाही, कारण धावणाऱ्यास बोलण्यास किंवा दुसरे काम करण्यास सवड नसते. नामदेवांच्या मुलावरून ती समजते.

तरीही या पदास एक मर्यादा आहे. आईचे चित्त बाळाकडे, तसे भक्ताचे देवाकडे, असे ते सांगते. परंतु थकलेल्या मनुष्याचे चित्त ढळते. दोरी हातून सुटते. मग त्याचे काय? यशया ४९:१५ मध्ये हेच आईचे चित्र उलट बाजूने येते. तेथे न विसरणारा देव आहे, आणि आई विसरली तरीही तो विसरत नाही. नामदेवांचे पद आपणांस श्रमात स्मरण कसे ठेवावे ते शिकविते. स्मरण न राहिलेल्या दिवशी यशयाचे वचन आपला सांभाळ करते.

म्हणून आमची सूचना अशी, की येत्या उत्तरायणाच्या उपासनेत हे पद टाळ-पेटीवर गावे, त्यातील चारही चित्रे लोकांपुढे मांडावीत, आणि मग यशयाचा पाठ वाचावा. आणि रात्रपाळी करून आलेल्या श्रोत्यास, मागावर उभे असताना त्याने क्षणभर घेतलेले प्रभूचे नाव ही प्रार्थनाच होती, असे पाळकाने स्पष्ट शब्दांत सांगावे.