‘घराचे मत’ आणि कळ दाबणारा हात
प्रेक्षकाला प्रत्युत्तराची सोय देणारी ‘क्यूब’ ही दूरचित्रवाणी-योजना अमेरिकेतील कोलंबस शहरी १९७७ मध्ये सुरू झाली. घरोघरी एक पेटी दिली जाई. तिच्यावरील पाच कळांपैकी एक दाबून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे. घरात माणसे कितीही असोत, पेटी एकच. कुटुंबाला एक व्यक्ती मानणे हा या रचनेचा मूलभूत दोष होय.

डेव्हिड मॉर्ली यांच्या ‘फॅमिली टेलिव्हिजन’ (१९८६) या ग्रंथामुळे त्या दोषाचे स्वरूप स्पष्ट होते. दक्षिण लंडनमधील १८ कुटुंबांच्या त्यांनी घरी जाऊन मुलाखती घेतल्या. दूरनियंत्रक बहुधा वडिलांच्या ताब्यात असतो आणि स्त्रियांचे पाहणे घरकामाच्या ओघात तुटकपणे घडते, असे त्यांना आढळले. पती बेकार व पत्नी कमावती असलेल्या घरांत मात्र ही पकड काहीशी सैल दिसली. म्हणजे प्रश्न स्वभावाचा नसून घरातील सत्तेचा आहे.

मॉर्ली यांचा आधार मुख्यतः कथनाचा आहे, प्रत्यक्ष निरीक्षणाचा नव्हे. शिवाय ही सर्व कुटुंबे आईवडील व मुले अशा एकाच घडणीची आहेत. ही मर्यादा लहान नाही. तथापि तिच्यामुळे मूळ प्रश्न निकालात निघत नाही. पडद्यावरील निवडसूची नव्याने आखणाऱ्याने कोणती कळ सोपी, एवढेच विचारून भागणार नाही. कळ कोणाच्या हाती आणि ती मागण्यास कोण कचरते, हेही विचारले पाहिजे. एरवी कुटुंबाशी केलेला संवाद हा केवळ कुटुंबप्रमुखाशी केलेला संवाद ठरेल.